दूध संस्थेचं रजिस्टर दुसऱ्यांदा उघडलं की सॉफ्टवेअर पडतं : क्वेरीचा निकाल मेमरीत किती आणायचा?

दूधगंगाकाठ | ४ ऑक्टोबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षं मी गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहितो. एकटाच आहे. व्हीबी डॉट नेट, विनफॉर्म्स, मागे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस, आणि सगळं एकाच मशीनवर. संस्थांमधली मशीनं जुनी असतात. ज्या संस्थेबद्दल लिहितोय तिथे विंडोज ७ आहे, ३२-बिट, ४ जीबी रॅम.

उत्पादक ६२०. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज साडेअकराशेच्या आसपास नोंदी होतात : गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. १ एप्रिलपासून आजपर्यंत २ लाख १४ हजार ओळी झाल्या आहेत.

‘संकलन रजिस्टर’ ही खिडकी उघडली की चालू आर्थिक वर्षाच्या सगळ्या ओळी मी डेटाअ‍ॅडॅप्टरच्या फिलने डेटाटेबलमध्ये (मेमरीतल्या तक्त्यात) भरतो आणि तो ग्रिडला (पडद्यावरच्या तक्त्याला) बांधतो. सेक्रेटरी वरच्या चौकटीत उत्पादकाचा नंबर टाकतात, रोफिल्टर लावून यादी गाळली जाते. एकदा भरलं की शोध पापणी लवायच्या आत होतो, म्हणून मला ही पद्धत आवडते.

गेल्या आठवड्यापासून रजिस्टर उघडायला मिनिटभर लागतो आणि टास्क मॅनेजरमध्ये सॉफ्टवेअर ९५० एमबीवर जातं. खिडकी बंद करून दुसऱ्यांदा उघडली की आउट ऑफ मेमरी. दिवाळीच्या फरक बिलाचे (लिटरमागे मिळणाऱ्या जादा रकमेचे) दिवस आहेत, सेक्रेटरी दिवसातून दहादा रजिस्टर उघडतात. काल फोनवर म्हणाले, “काय ओ, पुन्हा अडकलंय बघा. मानसं दारात हुबी हायत.” मला जेवण गेलं नाही.

गंमत अशी की शेजारच्या गावात ११०० उत्पादक आहेत. तेच सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती, तसंच मशीन, आणि तिथे २८० एमबीच्या वर जात नाही!

तर प्रश्न असा : क्वेरीचा (डेटाबेसकडे केलेल्या मागणीचा) निकाल मेमरीत किती आणावा याचा तुमचा हिशोब काय? आणि जास्त उत्पादकांचं गाव चालतंय, कमीचं पडतंय, हे कशामुळे?

---

शंकासुर | ४ ऑक्टोबर, रात्री ११:१५

बाळबोध शंका. रॅम ८ जीबी केली तर? स्वस्तात होईल.

---

सह्यकडा | ४ ऑक्टोबर, रात्री ११:३२

@शंकासुर, नाही होणार. ३२-बिट विंडोजवर प्रत्येक प्रोग्रामच्या वाट्याला साधारणपणे २ जीबीचाच पत्ता-प्रदेश (वापरता येईल एवढी मेमरी) येतो. मशीनमध्ये रॅम कितीही घाला, प्रोग्रामला त्यापलीकडचं दिसतच नाही. आणि ते २ जीबीही एकसंध मिळत नाहीत. अधेमधे डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडच्या फायली) बसलेल्या असतात, मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत असते. म्हणून एकूण चारशे-पाचशे एमबी शिल्लक दिसत असतानाही आउट ऑफ मेमरी येऊ शकतं.

६४-बिट मशीन घेतलं तरी एक खाच आहे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासून डॉट नेट फ्रेमवर्कच्या नव्या प्रोजेक्टला ‘प्रिफर ३२-बिट’ ही खूण आपोआप लावलेली असते. एनी सीपीयू (३२ असो वा ६४, मशीनप्रमाणे) निवडलंय म्हणून आपण निश्चिंत असतो आणि प्रोग्राम मात्र ३२-बिटच धावतो. माझे दोन दिवस यात गेले होते.

---

जुना_फॉक्सप्रो | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस-भाषेत २० वर्षं काढली. तिथे ब्राउझ विंडो उघडली की लाखभर रेकॉर्ड असले तरी क्षणात दिसायच्या. कारण सगळं आणायचंच नाही. पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी वाचायच्या, खाली सरकलात की पुढच्या. रिमोट व्ह्यू (दुसऱ्या डेटाबेसमधला डेटा दाखवायची सोय) आला तेव्हाही फेचसाइज, म्हणजे एका हप्त्यातल्या ओळी, मुळात १०० ओळींचा होता : पहिल्या १०० आल्या की ग्रिड दिसायला लागायचं, उरलेल्या मागून येत राहायच्या.

मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये ९वी आवृत्ती काढली आणि २०१५ च्या जानेवारीत आधार थांबवला, तरी माझ्या दोन गिऱ्हाइकांकडे आजही ती चालू आहे. जुन्या माणसाचं ऐकाल तर : माणसाचे डोळे एका वेळी ३० ओळी बघतात. २ लाख १४ हजार ओळी कुणासाठी आणता?

---

मेतकूट | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

काका, आदर ठेवून असहमत. “सगळं मेमरीत आणू नका” हा मंत्र आंधळेपणाने जपला जातो, त्याचंही नुकसान होतं.

दूध संकलनाच्याच काउंटरचं बघा. सकाळी साडेसहाला रांग लागलेली असते. काट्यावरून वजन येतं, तपासणी यंत्रातून फॅट-एसएनएफ येतं, आणि त्याच क्षणी दर निघून पावती छापली गेली पाहिजे. गायीचं दरपत्रक घ्या. फॅट ३.० ते ५.० दर ०.१ ला एक पायरी म्हणजे २१, एसएनएफ ७.५ ते ९.५ तशाच २१. एकूण ४४१ दर. हे प्रत्येक कॅनला डेटाबेसमधून विचारत बसायचं? अजिबात नाही. सुरुवातीलाच सगळं मेमरीत. उत्पादकांची यादीही मेमरीत, ६२० नावं म्हणजे काहीच नाही.

माझा हिशोब असा आहे : यादी माणसांच्या किंवा वस्तूंच्या संख्येने वाढत असेल तर आणा सगळी. दिवसागणिक वाढत असेल तर कधीच सगळी आणू नका. ६२० उत्पादकांचे पुढच्या वर्षी ६५० होतील. नोंदी मात्र वर्षाला ४ लाखांनी वाढतात.

---

जुना_फॉक्सप्रो | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:२२

मेतकूट, हे पटलं. दरपत्रक आम्हीही अ‍ॅरेतच ठेवायचो. शब्द मागे घेतो, निम्मे.

---

बर्लिनकर | ५ ऑक्टोबर, दुपारी १:४०

माझा अनुभव जावा आणि पोस्टग्रेसचा. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचं डेस्कटॉप अ‍ॅप होतं. मला वाटायचं की निकालावर एकेक ओळ ‘नेक्स्ट’ करत पुढे गेलं म्हणजे एकेकच ओळ येते. साफ चूक! पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा) मुळात अख्खा निकाल ग्राहकाच्या मेमरीत आणून ठेवतो, मग आपण आरामात पुढे सरकतो. फेचसाइज दिला, तरी फरक नाही. चार दिवसांनी कळलं की ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीचा व्यवहार आपोआप पक्का करणं) बंद केल्याशिवाय फेचसाइज लागूच होत नाही.

मायएसक्यूएलमध्येही हाच भेद आहे. सी लायब्ररीत ‘स्टोअर रिझल्ट’ सगळं आणून ठेवतो, ‘यूज रिझल्ट’ ओळीओळीने देतो. उलट ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर मुळात एका फेरीत १० च ओळी आणतो, तिथे तक्रार मेमरीची नसते, हळूपणाची असते.

म्हणून आपला ड्रायव्हर पाठीमागे काय करतो ते वाचल्याशिवाय “मी एकेक ओळ वाचतोय” असं म्हणू नये.

---

रानमेवा | ५ ऑक्टोबर, दुपारी २:१५

+१ बर्लिनकर. क्यूटी (खिडक्या बनवायची लायब्ररी) आणि एसक्यूलाइट डेटाबेसवर माझं उलटं झालं होतं. तिथलं मॉडेल ओळी हप्त्याहप्त्याने आणतं, २५५ चा हप्ता. मी नवीन होते. टेबलात ९ हजार औषधं, आणि ओळींची संख्या विचारली की उत्तर यायचं २५६. दुकानदाराचा डेटा उडाला असं वाटून मी रडायच्या बेतात होते. बॅकअप परत चढवला, तरी २५६. शेवटी मैत्रिणीने सांगितलं, “अगं, खाली स्क्रोल कर.” स्क्रोल केलं आणि आकडा वाढला.

---

शंकासुर | ५ ऑक्टोबर, दुपारी २:२०

@रानमेवा, वाचता वाचता माझ्याच पोटात गोळा आला!

---

आडत्या | ५ ऑक्टोबर, दुपारी ४:००

हप्त्याने ओळी आणायला सांगणाऱ्यांनी बेरजेचंही सांगावं. मी बाजार समितीतल्या एका आडत दुकानासाठी पट्टीचं (शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशोबाच्या पावतीचं) सॉफ्टवेअर लिहिलं होतं. कांद्याच्या मोसमात ओळी वाढल्या, ग्रिड मंद झालं, म्हणून मी ‘पहिल्या ५०० च ओळी’ केलं. तळाची बेरीज मात्र ग्रिडमधल्या ओळींवरूनच काढत होतो. ती बदलायचं डोक्यातच आलं नाही. एका दिवशी ५३८ पट्ट्या झाल्या. हमाली आणि तोलाईची बेरीज ३८ पट्ट्यांनी कमी आली, त्यानुसार पैसे वाटले गेले, आणि संध्याकाळी हमाल दुकानात येऊन उभे राहिले. चूक शंभर टक्के माझी. त्या कष्टकरी माणसांसमोर मान वर करता येईना.

ओळी थोड्या आणा, पण बेरीज कायम डेटाबेसकडूनच घ्या. सम (बेरीज) आणि ग्रुप बाय (गटवार हिशोब) हे त्याचंच काम आहे.

---

दूधगंगाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. आडत्या, तुमचा प्रतिसाद वाचून मी आधी माझ्या बेरजा तपासल्या. तळाची बेरीज ग्रिडवरूनच आहे, पण आजवर सगळ्याच ओळी आणत होतो म्हणून बरोबर येत होती. ओळी कमी केल्या असत्या तर मीही त्याच खड्ड्यात गेलो असतो.

फरक बिलही मी असंच काढतो : २ लाख ओळी मेमरीत, त्यावर लूप, प्रत्येक उत्पादकाचे गाय आणि म्हैस वेगवेगळे लिटर, गुणिले फरकाचा दर. हे ग्रुप बायवर नेलं तर निकाल हजाराच्या आतच येईल, बरोबर ना?

पण शेजारच्या गावाचं कोडं तसंच आहे.

---

रिकामा_रकाना | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१०

डेटाबेस सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. कोड्याचा आधी भागाकार करू.

९५० एमबी भागिले २ लाख १४ हजार ओळी, म्हणजे एका ओळीला साडेचार केबी. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, तारीख यांची ओळ दीड-दोनशे बाइटांत मावायला हवी. डॉट नेटमध्ये स्ट्रिंगचं प्रत्येक अक्षरचिन्ह २ बाइट घेतं, वर प्रत्येक स्ट्रिंगचा स्वतःचा भार असतो. नाव, पत्ता, गाव सगळं धरलं तरी पाचशे-सहाशे बाइट. शेजारच्या गावाला तोच हिशोब लावा : तिथे पावणेचार लाखांच्या आसपास ओळी असतील, गुणिले सहाशे, म्हणजे सव्वादोनशे एमबी. अधिक प्रोग्रामचा स्वतःचा भार. तुमच्या २८० शी जुळतंय.

म्हणजे शेजारचं गाव बरोबर आहे. या गावात ओळीमागे चार केबी कुठून तरी जास्त येतात. क्वेरी काय आहे ती शब्दशः सांगा. कोणती टेबलं जोडली आहेत आणि कोणते रकाने मागवता?

---

दूधगंगाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२५

संकलन टेबलाला सभासद टेबल जोडलंय, सभासद क्रमांकावर. वर सिलेक्ट स्टार, म्हणजे दोन्हींतले सगळे रकाने. ग्रिडमध्ये नको ते रकाने व्हिजिबल फॉल्स करून लपवलेत.

---

रिकामा_रकाना | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२७

सभासद टेबलात काय काय आहे?

---

दूधगंगाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री १०:५८

देवा.

फोटो.

ऑगस्टमध्ये नव्या आवृत्तीत सभासदाचा फोटो ठेवायची सोय दिली. शेजारच्या गावाने अजून एकही फोटो टाकलेला नाही. या संस्थेने ३६ जणांचे टाकले आहेत. आत्ता मोजले, सरासरी ५८ केबी.

---

मेतकूट | ५ ऑक्टोबर, रात्री ११:०६

३६ जण, रोज दोन वेळा, १८६ दिवस. खाडे वजा जाता १३ हजार ओळी. गुणिले ५८ केबी, म्हणजे सुमारे ७५० एमबी नुसते फोटो! आणि फोटो ऑगस्टमध्ये टाकले असले तरी जोडणीमुळे ते एप्रिलच्या ओळींनाही चिकटले.

लपवलेला रकाना पडद्यावर दिसत नाही, पण मेमरीत असतोच. एकाच माणसाचा फोटो पावणेचारशे वेळा, आणि प्रत्येक वेळी वेगळी प्रत. सर्व्हरला काय माहीत की हा तोच फोटो आहे? त्याने प्रत्येक ओळीबरोबर पाठवला, आपण प्रत्येक वेळी नवा बाइट अ‍ॅरे बनवला.

---

सह्यकडा | ५ ऑक्टोबर, रात्री ११:४०

भागाकाराला साष्टांग नमस्कार, रिकामा_रकाना. वाचनखूण साठवली.

पण अर्धं कोडं उरलंय. पहिल्यांदा ९५० एमबी आणि चालतं, दुसऱ्यांदा पडतं. खिडकी बंद केल्यावर आकडा लगेच खाली येत नाही यात विशेष नाही, गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा) आपल्या सवडीने येतो. पण दुसऱ्यांदा भरताना जागा कमी पडायला लागली की त्याने पहिला डेटाटेबल उचलायला हवा. उचलत नाही, याचा अर्थ कुणीतरी तो धरून ठेवलाय. दूधगंगाकाठ, रजिस्टरची खिडकी मुख्य फॉर्मच्या एखाद्या इव्हेंटला जोडली आहे का? अ‍ॅडहँडलर केलंय आणि रिमूव्हहँडलर विसरलात, असं?

---

धारोष्ण | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

मी प्रोग्रामर नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिते. माझे वडील आमच्या गावच्या दूध संस्थेत २६ वर्षं सेक्रेटरी आहेत. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून वहीत फॅट लिहायचे.

ते रजिस्टर कशासाठी उघडतात ते सांगते. एखादी बाई येते आणि म्हणते, “भाऊ, परवा सांजचं माजं दूध लागलंय का बघा.” बाबा तिचा नंबर टाकतात, दहा दिवसांच्या बिलातली तिची ओळ बघतात, बोट ठेवून तिला दाखवतात. खाडा असेल तर तिथेच कळतो. कधी कुणाचं फॅट अचानक उतरलं तर मागचे आठ-दहा दिवस बघतात. एप्रिलमधलं कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

---

जुना_फॉक्सप्रो | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

धारोष्णताई, आम्ही सगळे बाइट मोजत बसलो आणि काय आणायचं ते तुम्ही सांगितलंत. दहा दिवसांच्या साडेअकरा हजार ओळी, किंवा एका नंबरच्या वीस. संकलन टेबलावर सभासद क्रमांक आणि दिनांक असा इंडेक्स (शोधासाठीची सूची) टाका, वीस ओळी जुन्या मशीनवरही लगेच येतील.

---

पुस्तकांचा_घोडा | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

थोडं अवांतर. सगळं मेमरीत आणण्यावाचून गत्यंतर नसतं अशीही एक वेळ माझ्यावर आली होती.

एका वाचनालयाची ४० हजार पुस्तकांची सूची, सगळी जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टाइप केलेली. त्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘किल्ला’ या शब्दात पहिली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून साठवतानाही आधी वेलांटी, मग क. परिणाम असा की ऑर्डर बाय लावलं की किल्ला, चित्र, दिवाळी, शिवार हे सगळे एका गठ्ठ्यात! डेटाबेसला अकारविल्हे लावताच येईना. मग ४० हजार नावं मेमरीत आणायची, युनिकोडमध्ये बदलायची, आणि तिथेच क्रम लावायचा. दररोज सकाळी ग्रंथपालबाई चहा पिईपर्यंत ते चालायचं.

---

रिकामा_रकाना | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

@पुस्तकांचा_घोडा, रोज का? एकदाच बदलून एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराच्या) रकान्यात साठवायचं, त्यावर इंडेक्स, मराठीला मानवेल असं कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम). झालं.

---

पुस्तकांचा_घोडा | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

पुढे तेच केलं. पण मूळ टेबल दुसऱ्या सॉफ्टवेअरचं होतं, रकाना वाढवायची परवानगी मिळायला दीड वर्ष गेलं.

आणि युनिकोड झाल्यावरही एक फास राहिला होता. ‘कऱ्हाड’ शोधलं की निम्मीच पुस्तकं यायची. ऱ हे अक्षर दोन प्रकारे साठवलं जातं : एकाच चिन्हाचं, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांचं. डोळ्यांना सारखं, तुलनेला वेगळं. साठवतानाच एनएफसी नॉर्मलायझेशन केलं की दोन्ही एकच होतात. दूधगंगाकाठ, तुमच्या पत्त्यांत कऱ्हाड असेल तर बघून घ्या.

---

सह्यकडा | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

मूळ प्रश्नाकडे येऊ. ग्रिडला दुसरे दोन पर्याय :

डेटाटेबल हे प्रकरण वजनदार असतं. प्रत्येक ओळीसाठी वेगळा डेटारो, बदललेल्या ओळींची मूळ आणि चालू अशी दोन्ही रूपं. तुम्हाला रजिस्टर फक्त दाखवायचंय, तिथे दुरुस्ती होत नाही. मग डेटारीडरने (एकेक ओळ पुढे वाचत जाणाऱ्या साधनाने) वाचा, आठ रकान्यांचा साधा क्लास करा, त्याची लिस्ट. नाव प्रत्येक ओळीत आणू नका. उत्पादकांची यादी मेमरीत आहेच, सभासद क्रमांकावरून तिथलं नाव दाखवा. एक नाव, एकच प्रत.

आणि कधी खरंच वर्षभराच्या ओळी दाखवायची वेळ आली तर डेटाग्रिडव्ह्यूचा व्हर्च्युअलमोड. ग्रिडला फक्त रोकाउंट सांगायचा. सेलव्हॅल्यूनीडेड इव्हेंटमध्ये तो विचारेल तेवढंच द्यायचं, मागे दोनशे-दोनशे ओळींची पानं ठेवायची. कष्टाचं काम आहे, गरज असेल तरच करा.

पुढचं पान मागताना ऑफसेट (‘इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या’) वापरू नका. दीड लाखाव्या ओळीवर जायचं तर डेटाबेस आधीच्या दीड लाख मोजूनच पुढे येतो. शेवटच्या ओळीची तारीख आणि नोंद क्रमांक लक्षात ठेवा, ‘याच्या पुढच्या दोनशे’ असं मागा.

---

रिकामा_रकाना | ६ ऑक्टोबर, दुपारी ४:००

सह्यकड्याशी सहमत, एक सावधगिरी जोडतो. डेटारीडर उघडा ठेवून ओळ वाच, ग्रिडमध्ये घाल, रंग दे, पुढची ओळ वाच, असं करू नका. ग्राहक सावकाश वाचायला लागला की सर्व्हर पुढच्या ओळी हातात घेऊन ताटकळत राहतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही वाट असिंक नेटवर्क आयओ या नावाने दिसते. वाचणाऱ्याची कुलपं (लॉक) तेवढा वेळ अडकली तर डेटाच्या त्याच पानावर लिहिणारा थांबतो. दूध संस्थेत लिहिणारा कोण, तर काउंटर. एका मशीनवर आज चालून जाईल, पण उद्या आत ऑफिसात दुसरं मशीन लागलं तर रजिस्टर उघडल्यामुळे बाहेरची रांग थांबेल.

पटकन वाचा, लिस्टमध्ये घ्या, कनेक्शन सोडा, मग रंगरंगोटी. म्हणजे मेमरीत आणाच, पण मोजकं.

---

मेतकूट | ६ ऑक्टोबर, दुपारी ४:१८

आणि ग्रिडला ‘ऑल सेल्स’ ऑटोसाइज असेल तर काढा. रकान्याची रुंदी ठरवण्यासाठी तो प्रत्येक ओळ मोजतो. तुमच्या त्या एका मिनिटातले काही सेकंद तिथेही जात असणार.

---

दूधगंगाकाठ | ८ ऑक्टोबर, रात्री ११:२०

मंडळी, दोन रात्री बसलो. आज संस्थेत जाऊन नवी आवृत्ती टाकून आलो. काय निघालं ते क्रमाने लिहितो.

फोटो वेगळ्या टेबलात काढले. एखाद्या सभासदाचं पान उघडलं की त्याचा एकच फोटो येतो. एवढा एकच बदल करून आधी तपासलं : ९५० चे १९५ एमबी झाले. रिकामा_रकाना, तुमचा भागाकार अगदी बरोबर होता.

सह्यकडा, तुमचा तर्कही बरोबर. मुख्य फॉर्मवर दिनांक बदलला की रजिस्टर ताजं व्हावं म्हणून मी अ‍ॅडहँडलर केलं होतं आणि काढलं कधीच नव्हतं. मुख्य फॉर्म दिवसभर उघडा, त्यामुळे बंद केलेली प्रत्येक रजिस्टर खिडकी आपला डेटाटेबल कवटाळून जिवंत राहत होती. ही चूक पहिल्या दिवसापासून आहे. रजिस्टर हलकं होतं तोवर कळली नाही, फोटोंनी उघडी पाडली. शेजारच्या गावातही दिवसभरात सातव्या-आठव्यांदा उघडल्यावर पडत असणार. विचारलं तर म्हणाले, “हो, संध्याकाळी कधीकधी बंद पडतं, आम्ही परत चालू करतो.” वर्षानुवर्षं ते मला न सांगता चालवून घेत होते. हे ऐकून जास्त वाईट वाटलं. उद्या तिथे जातोय.

धारोष्णताई, आता रजिस्टर उघडतं ते चालू दहा दिवसांवर. वरच्या चौकटीत नंबर टाकला की त्या उत्पादकाच्याच ओळी डेटाबेसमधून येतात. नव्या इंडेक्समुळे शोध पूर्वीइतकाच चटकन होतो. मागचं बघायला ‘आधीचे दहा दिवस’ असं बटण दिलंय.

फरक बिल ग्रुप बायवर नेलं. काही जणांकडे गाय आणि म्हैस दोन्ही, म्हणून निकाल ७०८ ओळींचा. जुन्या लूपचा आणि नव्या क्वेरीचा आकडा प्रत्येक उत्पादकाला पैशापर्यंत जुळवून पाहिला, मगच जुना कोड काढला. आडत्या, तळाची बेरीजही आता डेटाबेसकडून येते.

सगळं मिळून सॉफ्टवेअर दिवसभर ७० एमबीच्या आसपास आहे. व्हर्च्युअलमोडची गरज पडली नाही.

---

आडत्या | ८ ऑक्टोबर, रात्री ११:४१

पैशापर्यंत जुळवलंत हे फार चांगलं केलंत.

---

धारोष्ण | ९ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

बाबांना धागा वाचून दाखवला. बाइटांचं काही कळलं नाही म्हणाले, पण ‘आधीचे दहा दिवस’ या बटणावर थांबले. त्यांच्या मते आणखी एक हवं : बिलाच्या पहिल्या दिवशी उघडलं तर चालू दहा दिवसांत एकच दिवस दिसेल. नेमकं त्याच दिवशी लोक मागच्या बिलाची तक्रार घेऊन येतात. त्या दिवशी मागचे दहाही सोबत दिसावेत.

---

दूधगंगाकाठ | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

अगदी खरं! नऊ वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही हे. १, ११ आणि २१ तारखेला मागचं बिलही सोबत आणतो. आजच बदलतो. बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

शंकासुर | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वाचून माझा पतसंस्थेचा प्रोग्राम उघडला. कर्जदारांची यादी, सिलेक्ट स्टार, आणि टेबलात सातबाऱ्याचे स्कॅन. एकेक ३ एमबीचा. यादी उघडायला वेळ लागतो म्हणून गेल्या महिन्यात मी तिथे ‘कृपया थांबा’ची फिरती चकती बसवली होती.

चकती काढली. रकाने नावानिशी लिहिले.